टळलेल्या आजाराची नोंद कुठे होते?

घरोघरी जाऊन केलेल्या आरोग्यसेवेची मोठी अडचण अशी, की काम जितकं चोख होतं तितका त्याचा मागमूस कमी राहतो. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तर तिला नाव असतं, तारीख असते, करणाऱ्याची सही असते. महिनाअखेर अशा किती झाल्या ते सांगता येतं. उलट एखाद्या गरोदर बाईच्या चेहऱ्यावरची सूज आणि सततची डोकेदुखी गृहभेटीला गेलेल्या नर्सने हेरली, रक्तदाब मोजला, घरच्यांना धोका समजावून बाईला त्याच दिवशी दवाखान्यात धाडलं, आणि झटके यायच्या आत उपचार सुरू झाले, तर रजिस्टरमध्ये काय उरतं? ‘गृहभेट – १, संदर्भसेवा – १’. शेजारच्या घरी दारातूनच विचारपूस झाली असेल, तरी तिथेही ‘गृहभेट – १’ असंच लिहिलेलं असतं. कागदावर दोन्ही भेटी सारख्याच.

सामुदायिक आरोग्यसेवेतल्या नर्सने जे पाहिलं, जे केलं आणि त्यामुळे जे बदललं, ते सर्वांनी मान्य केलेल्या, नेमकी व्याख्या असलेल्या संज्ञांमध्ये नोंदवलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अशा प्रमाणित परिभाषेची गरज रुग्णालयापेक्षाही वस्तीत जास्त आहे. मात्र ती कोणती निवडायची, कोणत्या अटींवर आणायची आणि तिच्यातून गोळा होणारी माहिती कोणाच्या हाती द्यायची, याबद्दल भोंगळ राहून चालणार नाही. चुकीच्या रीतीने आणलेली परिभाषा म्हणजे नर्सच्या डोक्यावर आणखी एक ओझं, एवढंच होईल.

नर्सिंगमधली परिभाषेची मागणी संगणकाबरोबर आली, असं पुष्कळांना वाटतं. ती त्याहून फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास करणारे विल्यम फार यांनी १८३९ मध्येच बजावलं होतं, की भौतिक विज्ञानात वजन-मापांना जेवढं महत्त्व, तेवढंच या अभ्यासात नावांच्या एकसारखेपणाला आहे. एकाच रोगाला चार ठिकाणी चार नावं असतील, तर मोजणी कशाची करायची? याच फार यांच्याबरोबर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काम केलं, आणि १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे रुग्णालयांच्या आकडेवारीसाठी सर्वत्र एकच नमुना असावा, अशी योजना मांडली. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती सगळ्यांना ठाऊक असते. रकाने आखणाऱ्या नाइटिंगेल मात्र नर्सिंगच्या वर्गातही फारशा भेटत नाहीत, याची मला खंत वाटते.

रोगांची नावं पुढे एकसारखी झाली. १८९३ मध्ये फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ झाक बर्तियाँ यांनी मांडलेली यादी वाढत वाढत आजचं आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण बनली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ते सांभाळते. पण बर्तियाँ यांची यादी होती मृत्यूच्या कारणांची. या वर्गीकरणाची नजर मुळात आयुष्याच्या शेवटाकडे लागलेली होती. नंतर ती आजारांकडे वळली. त्याच्या दहाव्या आवृत्तीत गरिबी, घर, नोकरी, कौटुंबिक परिस्थिती यांसाठीही कोड, म्हणजे सांकेतिक क्रमांक, आहेत, हे खरं. तरीही नर्सने त्या घरात काय केलं आणि त्याने काय फरक पडला, हे त्या वर्गीकरणात सांगता येत नाही. ते त्याचं कामच नव्हे.

मग नर्सिंगची स्वतःची परिभाषा? तिचा प्रयत्न १९७३ पासून चालू आहे. त्या वर्षी अमेरिकेत सेंट लुइस इथे क्रिस्टीन गेबी आणि मेरी अ‍ॅन लॅव्हिन यांच्या पुढाकाराने नर्सिंग निदानांच्या, म्हणजे नर्सने हेरलेल्या समस्यांना द्यायच्या नावांच्या, वर्गीकरणाची पहिली परिषद भरली. तिच्यातून ‘नांदा’ या नावाने ओळखली जाणारी निदानांची यादी आली. आयोवा विद्यापीठातून नर्सिंगच्या कृतींचं आणि परिणामांचं वर्गीकरण आलं. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने १९८९ मध्ये ठराव करून जागतिक वर्गीकरणाचं काम हाती घेतलं. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००५ मध्ये निघाली. या सगळ्यांचं मोल मोठं आहे. पण वस्तीत काम करणाऱ्या नर्सच्या दृष्टीने यांतल्या बहुतेक याद्यांना एक मर्यादा आहे. त्यांचा तोंडवळा रुग्णालयाचा आहे. त्यांच्यासमोरचा रुग्ण खाटेवर एकटा असतो. गृहभेटीला गेलेल्या नर्ससमोर एकटा माणूस कधीच नसतो. त्याच्यामागे कुटुंब असतं, ते घर असतं, घरापुढची गटार असते.

म्हणूनच ओमाहा सिस्टिम या घरभेटींतूनच घडलेल्या परिभाषेकडे लक्ष वेधावंसं वाटतं. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची एक संस्था होती. १९७०च्या दशकात तिथल्या नर्सेसनी स्वतःच्या नोंदवह्या उलगडल्या आणि आपण घरात नेमकं काय पाहतो, काय करतो याची छाननी सुरू केली. कॅरन मार्टिन या कामाच्या अग्रणी. पुढे अनेक वर्षं, सरकारी निधीच्या आधाराने, वेगवेगळ्या संस्थांमध्ये या छाननीतून निघालेली समस्यांची यादी तपासून, बदलून पक्की झाली. तिच्यात ४२ समस्या आहेत आणि त्या चार गटांत बसतात: परिसर, मनोसामाजिक, शारीरिक आणि आरोग्यविषयक वर्तन. यादीची पहिली समस्या आहे उत्पन्न. त्यानंतर स्वच्छता, मग निवासस्थान. शरीर त्यानंतर कितीतरी वेळाने येतं. हा क्रम मला फार बोलका वाटतो, कारण घराच्या उंबऱ्यातून आत शिरणाऱ्या माणसाला गोष्टी याच क्रमाने दिसतात.

प्रत्येक समस्येपुढे दोन गोष्टी ठरवायच्या. ती कोणाची: एका व्यक्तीची, कुटुंबाची की समुदायाची? आणि ती आज प्रत्यक्ष आहे, होण्याचा धोका आहे, की सगळं ठीक आहे आणि ते तसंच टिकवायचं आहे? मग नर्सने काय केलं, ते चार प्रकारांत येतं: शिकवणं व सल्ला देणं, प्रत्यक्ष उपचार, इतर सेवांशी सांगड घालून देणं, आणि लक्ष ठेवणं. शेवटी परिणाम. तो १ ते ५ च्या मापावर तीन अंगांनी मोजायचा: माणसाला किती कळतं, तो कसा वागतो, आणि त्याची स्थिती कशी आहे.

हे नुसतं वाचून कोरडं वाटेल, म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. मधुमेह असलेला एक वयस्कर माणूस, पायाला भरून न येणारी जखम, इन्सुलिन चालू. बायकोच सुई टोचते. डॉक्टरांच्या कागदावर मधुमेह आणि पायाची जखम, एवढी दोन नावं आहेत, आणि तेवढ्यासाठी ती बरोबरच आहेत. नर्स घरी गेल्यावर तिला दिसतं, की बायकोला सिरिंजवरच्या रेघा नीट दिसतच नाहीत. डोस अंदाजाने चालला आहे. पट्टीचं सामान पुरवून वापरलं जातंय, कारण पैसे नाहीत. मुलगा वेगळा राहतो, बोलणं बंद आहे. रात्रभर नवऱ्याकडे बघून बायको थकून गेली आहे. आता ही नर्स जर प्रमाणित संज्ञा वापरत असेल, तर तिच्या नोंदीत त्वचा, औषधयोजना, उत्पन्न, कुटुंबातले परस्परसंबंध आणि काळजीवाहू व्यक्तीची दृष्टी, अशा पाच समस्या पाच वेगळ्या ओळींवर येतात. त्यांतली निर्णायक समस्या रुग्णाच्या शरीरात नाहीच. ती त्याच्या बायकोच्या डोळ्यांत आहे. रुग्णाच्या केसपेपरवर तिला कुठे जागा असते?

आणि आता ते तीन आकडे पाहा. औषधयोजनेबाबत कळतं किती? ४. बायकोला वेळ, मात्रा, धोका, सगळं तोंडपाठ आहे. वागणं? २. स्थिती? २. म्हणजे इथे पुन्हा आरोग्यशिक्षण देणं हा वेळेचा अपव्यय आहे. हिला चष्मा, मोतिबिंदूची तपासणी किंवा मात्रा ठरवून देता येणारं इन्सुलिन पेन हवं. दुसऱ्या घरी कळतं २, वागणं २, असं आलं असतं तर शिकवणं योग्य ठरलं असतं. सामुदायिक आरोग्याच्या कार्यक्रमांत लोक सांगितल्याप्रमाणे वागत नाहीत म्हटल्यावर पुन्हा ‘जनजागृती’ करायची, हा रिवाज पडून गेला आहे. लोकांना कळत नाही की कळूनही करता येत नाही, हा भेदच कुणी नोंदवत नसेल, तर दुसरं काय होणार? हे तीन साधे आकडे त्या रिवाजाला चाप लावतात. माझ्या मते प्रमाणित परिभाषेच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो आश्चर्यकारकपणे कमी मांडला जातो.

टळलेल्या आजाराचा सुरुवातीचा प्रश्नही इथेच सुटायला लागतो. न झालेला पक्षाघात मोजता येत नाही. पण रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत वागणं २ वरून ४ वर गेलं, हे मोजता येतं, त्याला तारीख असते आणि त्यासाठी नर्सने कोणत्या भेटीत काय केलं हेही त्याच पानावर असतं.

एका घराकडून वस्तीकडे आलं, की फायदा आणखी स्पष्ट होतो. एक नर्स लिहिते ‘घरामागे पाणी साचतं’, दुसरी लिहिते ‘डास फार’, तिसरी ‘गटार तुंबलेली, वास येतो’. तिघींचंही लिहिणं खरं आहे, पण या तीन वाक्यांची बेरीज होत नाही. तिघींनी त्याच वाक्यांच्या शेजारी ‘स्वच्छता: प्रत्यक्ष समस्या: समुदाय’ एवढं नोंदवलं, तर एका गल्लीतल्या साठ घरांपैकी किती घरांत हीच समस्या आहे ते सांगता येतं. मग मागणी आरोग्य खात्यापाशी अडून राहत नाही. गटार बांधणाऱ्या खात्यापुढे नर्स पुरावा ठेवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात तेव्हा सुमारे २ कोटी ७९ लाख नर्सेस होत्या, आणि आरोग्य व्यवसायांतल्या मनुष्यबळात त्यांचा वाटा जवळपास ५९ टक्के होता. एवढ्या माणसांनी रोज पाहिलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं वास्तव केवळ बेरीज होत नाही म्हणून धोरणांपर्यंत पोचत नसेल, तर हे नुकसान नर्सपेक्षा लोकांचं जास्त आहे.

आता आक्षेप. ते हलके नाहीत, आणि त्यांतले दोन तर मला फार गंभीर वाटतात.

माणसाला चौकटीत कोंबता येत नाही, असं म्हणतात. हे अर्धं खरं आहे. संज्ञेबरोबर मोकळा मजकूर लिहायची जागा राहिलीच पाहिजे. बायको रात्री का झोपत नाही हे कोणत्याच कोडमध्ये मावणार नाही आणि मावू नये. पण या आक्षेपात याहून खोल काही आहे. शब्द माणसावर शिक्का मारू शकतो. नांदाच्या यादीत वर्षानुवर्षं एक निदान होतं: उपचार किंवा सल्ला न पाळणं. वरकरणी निरुपद्रवी. पण ते एकदा नोंदीत आलं, की पुढे येणारा प्रत्येक जण त्या माणसाला हट्टी, बेपर्वा समजूनच बोलायला सुरुवात करणार. दवाखाना लांब आहे, रोजंदारी बुडते, गोळ्यांनी पोटात ढवळतं, यांतलं काहीही त्या शब्दाला दिसत नाही. त्यावर खूप टीका झाली आणि २०१८ पासूनच्या आवृत्तीतून ते निदान काढून टाकण्यात आलं. या घटनेतून परिभाषेच्या विरोधकांना बळ मिळतं असं वाटेल. मला उलट वाटतं. तो शब्द यादीत होता, त्याची व्याख्या छापलेली होती, म्हणून त्यावर वाद घालता आला आणि तो काढता आला. नर्सच्या खासगी शेऱ्यात ‘पेशंट ऐकत नाही’ असं रोज लिहिलं जातं. त्यावर कुणी कधी हरकत घेतली आहे?

दुसरा आक्षेप वेळेचा. याला उत्तर द्यायचं तर तो ऐकून घ्यायला हवा, कारण तो आळसातून आलेला नाही. एकाच बाळाचं वजन चार रजिस्टरांत, शिवाय एका अ‍ॅपमध्ये लिहावं लागणाऱ्या नर्सला तुम्ही पाचवी नोंद मागाल, तर ती भेटी संपवून रात्री एकगठ्ठा रकाने भरेल. मग सगळ्यांना सगळ्या बाबतीत ३. असा आकडा कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट, कारण कोरा रकाना निदान खोटं बोलत नाही. तेव्हा जुन्याच्या जागी येणार असेल तरच नवी नोंद आणावी. एकदा लिहिलेलं वजन सगळीकडे आपोआप जाणार असेल तर आणावी. नाहीतर आणूच नये, हे परिभाषेचे समर्थक म्हणून आपण स्पष्ट बोललं पाहिजे.

दोन नर्सेस एकाच घराला वेगळे गुण देतील, ही शंकाही रास्त आहे. तिचा उपाय माहीत आहे: तेच उदाहरण सर्वांनी स्वतंत्रपणे सोडवायचं, मग एकत्र बसून २ का आणि ३ का यावर बोलायचं, आणि हे वर्षातून पुन्हा पुन्हा करायचं. यासाठी कामाच्या तासांतला वेळ लागतो. तो द्यायची तयारी नसेल तर मापाला हात लावू नये.

मला खरी भीती वाटते ती गुप्ततेची. घरी जाणाऱ्या नर्सला जे कळतं, ते दवाखान्यात बसलेल्या माणसाला कधीच कळत नाही. नवरा मारतो. मुलगी दारूच्या आहारी गेलीये. आजोबांना जेवायला वेळेवर मिळत नाही. ओमाहाच्या यादीत अत्याचार, हेळसांड, व्यसन, लैंगिकता या समस्या आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण आजवर ही माहिती नर्सच्या मनात किंवा वहीच्या समासात होती. मजकूर कुणीतरी बसून वाचावा लागतो; कोड मात्र एका क्षणात लाखो घरांतून शोधून काढता येतो. कोणत्या घरात व्यसनाची नोंद आहे, याची यादी पोलिसांना, विमा कंपनीला किंवा मालकाला मिळाली, तर त्या वस्तीत नर्सला पुन्हा कुणी दार उघडणार नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल. म्हणून नाव-पत्त्यासह नोंद कोण पाहू शकतो, हे परिभाषा येण्याआधी ठरलं पाहिजे. वर जाणारी माहिती बेरजेची असावी, नावांची नसावी. आणि ज्या घराबद्दल लिहिलं, त्या घराला आपलं पान पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क असावा. कळतं किती आणि वागणं कसं याचे आकडे तर त्या माणसाशी बोलूनच भरावेत. ‘तुम्ही स्वतःला किती द्याल?’ एवढ्या प्रश्नाने कितीतरी गोष्टी उलगडतात.

याच धाग्यातला दुसरा धोका म्हणजे ही माहिती नर्सवर पाळत ठेवायला वापरली जाणं. किती कृती केल्या, किती मिनिटांत केल्या, कोणाचे गुण वाढले नाहीत. गुण वाढण्यावर नर्सची बदली-बढती अवलंबून राहिली, की गुण वाढतील. माणसं होती तिथेच राहतील. परिणामाचा आकडा कार्यक्रमाला जाब विचारण्यासाठी आहे. साठ घरांत कळतं ४ आणि वागणं २ असेल, तर उत्तर कार्यक्रम आखणाऱ्याने द्यायचं.

मालकीचा प्रश्न थोडक्यात सांगतो. नांदाची आणि आयोवाची वर्गीकरणं वापरायला परवाना लागतो. ओमाहा सिस्टिमच्या संज्ञा सर्वांसाठी खुल्या आहेत. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या सेवेने स्वतःच्या रोजच्या नोंदीसाठी कायमचं भाडं भरू नये. खुल्या संज्ञा घ्याव्यात, आणि त्यांचा रुग्णालयांच्या यंत्रणेशी मेळ बसवण्यासाठी ‘स्नोमेड सीटी’सारख्या वैद्यकीय संज्ञांच्या मोठ्या कोशाची जोड पडद्यामागे ठेवावी. ते काम संगणकवाल्यांचं. नर्सला त्याचा पत्ताही लागायचं कारण नाही.

सुरुवात कशी करावी? सगळ्या ४२ समस्या पहिल्याच दिवशी लादू नयेत. आपल्या भागात सतत दिसणाऱ्या आठ-दहा समस्या तिथल्या नर्सेसनी स्वतः निवडाव्यात, त्यांच्या व्याख्या लोकांच्या बोलीत नीट बसतात का ते प्रत्यक्ष घरांत तपासावं, आणि सहा महिने फक्त एवढंच नोंदवावं. महिन्याच्या बैठकीत आकडे वर पाठवण्याआधी नर्सेससमोर ठेवावेत आणि कोणत्या वस्तीत पुढच्या महिन्यात काय वेगळं करायचं ते तिथेच ठरवावं. आणि एक गोष्ट अजिबात पुढे ढकलू नये: नवा फॉर्म आणि जुने रकाने रद्द करणारा आदेश, दोन्ही एकाच दिवशी निघाले पाहिजेत.